दुपारचा क्लब आणि उजवा कान

रोज सकाळी आई आंघोळीला गेली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक रेकॉर्ड लावते, डाव्या कानात बोट खुपसते आणि उजव्या कानाने ऐकायला बसते. रेकॉर्ड ठरलेली. शिकागोच्या कुठल्याशा तळघरात बनलेलं जुनं हाउस म्युझिक. सुरुवातीला नुसते ठोके: ढम, ढम, ढम, ढम. तेवढे मला येतात. पण ते कानातून येतात की टेबलावर टेकलेल्या कोपरातून, हे कळत नाही. कोपर उचलून बघितलं की तेही जातात. मग मी कोपर परत टेकवते आणि स्वतःची समजूत घालते की कालच्यापेक्षा आज बरं आहे. कालही मी हेच म्हटलेलं असतं.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. नॉटिंगहॅमच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि सोळाव्या वर्षापासून क्लबांमध्ये रेकॉर्ड्स वाजवत आले आहे. डावा कान त्यात केव्हाच अर्धा झाला, कारण हेडफोनची एक वाटी कायम त्याच्यावर दाबलेली असायची. उजवा मात्र शाबूत होता. वर्गातल्या मागच्या बाकांवरची कुजबुज, वरच्या मजल्यावरून आलेली आईची हाक, दोन रेकॉर्ड्स एकमेकांत मिसळताना त्यांच्यात उरलेला केसभर फरक, हे सगळं मी त्याच्या जिवावर ऐकत होते. या हिवाळ्यात तो गेला. परत येईल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला तेवढंच हवं आहे, दुसरं काही नको. लोक असं बोलायला लागले की पूर्वी मला त्यांचा राग यायचा, नाटकं करतात असं वाटायचं. आता मीच दिवसभर हे बोलते, तेही कुणी ऐकत नसताना.

तो कसा गेला हे सांगायचं तर डेटाइमरपासून सुरुवात करावी लागेल. आमच्या पिढीबाहेर हा शब्द फारसा कुणाला माहीत नाही. आम्ही शाळेत होतो तेव्हा इथल्या नाइटक्लबांच्या दारात आमच्यासारख्यांना सहसा घेत नसत. मुलांना बूट नीट नाहीत म्हणून परत पाठवायचे, आणि बूट नीट असले तर आज आत खासगी पार्टी आहे म्हणायचे. मुलींचा तर प्रश्नच नव्हता, कारण रात्री मुलींना घराबाहेर सोडणार कोण? मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की क्लब दुपारी रिकामाच पडलेला असतो, तो भाड्याने घ्या. झालं. आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दुपारी शाळा-कॉलेज बुडवून पंजाबी, गुजराती, बंगाली पोरं तिथे जमायची, आणि त्यांच्यात आमच्यासारखी चार-दोन मराठी डोकी. खिडक्यांना काळं कापड, कोटांच्या खोलीत दप्तरांचा ढीग, बायकांच्या टॉयलेटमध्ये युनिफॉर्म बदलायची झुंबड. आत मिट्ट काळोख आणि बाहेर पोस्टमन दुपारची फेरी करतोय.

मी नऊ वर्षांची असताना पुण्याहून इथे आले. आईला इथल्या एका हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरची नोकरी लागली होती. माझी मैत्रीण मात्र जन्मापासून इथलीच, तिचे वडील आईच्याच हॉस्पिटलात सर्जन. दोघींनी मिळून पहिली जुनी टर्नटेबलं घेतली आणि तिच्या घराच्या गॅरेजमध्ये शिकलो. तिला हिप-हॉप, मला हाउस. त्यावरून आम्ही इतकं भांडायचो की तिची आई गॅरेजचं दार उघडून म्हणायची, "अगं, जेवून तरी भांडा."

"तुझी म्युझिक नुसती ढम-ढम आहे, yaar," ती म्हणायची. तिची मराठी अशीच, आजही तशीच आहे. "त्याच्यात कुणी काही बोलतच नाही. Where's the story?"

"आणि तुझ्यात सगळे बोलतातच. नाचायचं कधी?"

आज कुठल्याही क्लबात शिरा, तुम्हाला जे दिसेल ते हाउस आणि हिप-हॉपच्या या भांडणातून निघालेलं आहे. त्याआधीचे डिस्को मी शाळेच्या हॉलमध्ये पाहिले होते. गाणं लागायचं, संपायचं, मधे डीजे काहीतरी पाचकळ बोलायचा, मग दुसरं गाणं. शेवटी एक संथ गाणं, त्यावर जोड्या. जिला जोडी नाही ती भिंतीला. मी भिंतीला. हाउसने सगळ्यात आधी काय केलं, तर गाणं संपणंच बंद केलं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, कुठे सांधा दिसायचा नाही. थांबायची जागाच नाही म्हटल्यावर "माझ्याबरोबर नाचतेस का" हे विचारायचीही जागा उरली नाही. सगळे आपापले, सगळे एकत्र, तोंड स्पीकरकडे. ज्यांनी ते संगीत बनवलं ते काळे होते, त्यांतले पुष्कळ गे होते, आणि त्यांनाही दुसऱ्या दारांतून परत पाठवलं जात होतं. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण परत पाठवलेल्यांसाठी बनलेली खोली, तशाच माणसाला आत पाऊल टाकताच कळते.

हिप-हॉपने दुसरंच काहीतरी केलं. त्याने गर्दीचा गोल केला आणि मधे जागा मोकळी ठेवली, की ये, काय येतं ते दाखव. माझी मैत्रीण एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावायची आणि गाण्यातला ड्रम्सचा तेवढाच तुकडा उलटसुलट करत लांबवत न्यायची. लोक नाचायचं सोडून तिचे हात बघत उभे राहायचे. आधी डीजे म्हणजे कोपऱ्यात बसवलेला माणूस, त्याच्याकडे बघायचं कारणच नव्हतं. माइक हातोहात फिरायला लागला तोही यातूनच. आणि बूट! ट्रेनर्स, म्हणजे खेळाचे बूट, घालून क्लबात जाता येतं, हे हिप-हॉपच्या पोरांनी दाराबाहेर उभं राहून राहून पटवलं. आमच्या दुपारच्या क्लबात ही दोन्ही आली, त्यांच्यावर पंजाबी ढोल चढला, आणि मग जे काही व्हायचं त्यात मी भिंतीला कधीच नव्हते. त्या वयात माझ्यावर यापेक्षा मोठा उपकार कुणी केला नाही. म्हणूनच मला इतका त्रास होतोय.

पार्टी संपून बाहेर आलो की उन्हाने डोळे दिपायचे आणि कान बसलेले असायचे. डोक्यात बारीक शिट्टी, बाकी जग कापसात गुंडाळलेलं. बसमध्ये आम्ही एकमेकींशी ओरडून बोलायचो आणि लोक वळून बघायचे. घरी पोचायचे तेव्हा आई ड्यूटीवरून आलेली असायची. ती काहीतरी विचारायची, मी "हो आई" म्हणायचे. पुन्हा काही विचारलं की पुन्हा "हो आई". मग अभ्यासाच्या नावाखाली खोलीत. दोन दिवसांत कान सुटायचे. आमच्यात याला कुणी आजार म्हणत नाही. पुढे मोठ्या क्लबांत वाजवायला लागले तेव्हा तिथले जुनेजाणते डीजेही हेच सांगायचे, दोन दिवस थांब, सुटेल. आणि खरंच सुटायचे, दर वेळी. आईला काही कळू द्यायचं नाही, हेही आपोआप अंगवळणी पडलं.

आता नव्या पिढीला या दुपारच्या पार्ट्यांची हौस आली आहे. आपल्या आयांनी दप्तरात कपडे लपवले होते याचं त्यांना भारी कौतुक. अशाच काही मुलांनी यंदा एका रविवारी दुपारी इथे डेटाइमर केला आणि आम्हा दोघींना वाजवायला बोलावलं. मैत्रीण लंडनच्या एजवेअरहून आली. तिथे तिचा दातांचा दवाखाना आहे, दोन नातवंडं आहेत, गुडघे दुखतात, पण रेकॉर्डवर हात ठेवला तशी पुन्हा सोळाची झाली. मी तासभर वाजवलं. समोर जी गर्दी होती तिला आता दारात कुणी अडवत नव्हतं. मला रडायला आलं, म्हणून मी वर न बघता वाजवत राहिले.

सोमवारी सकाळी उठले तर उजवा कान बसलेला. मी हसले. खरंच हसले. म्हटलं, वा, शरीर अजून विसरलेलं नाही.

मैत्रिणीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "Ha ha! Two days, मग ठीक होईल. माझा पण वाजते आहे." तिचे सुटले. माझा तसाच राहिला. मग मला वाटलं, वय झालं, आता दोन दिवसांना चार लागत असतील. मग वाटलं, मळ असेल. इथे कानाचं काहीही झालं की आधी ऑलिव्ह ऑइल घालतात, म्हणून तेल घातलं. वर्गात उजवीकडच्या मुलाने काही विचारलं की मी डावीकडे बघून उत्तर द्यायचे आणि पोरं खिदळायची. मीही त्यांच्याबरोबर हसायचे. दुसरा आठवडा लागला तरी मी थांबूनच होते.

आणि या सगळ्या काळात घरात एक डॉक्टर बसलेली होती. पंचाऐंशीची आहे, पण डोकं लख्ख आहे. पहिल्या दिवशी मी नुसतं "आई, उजव्या कानाने येत नाहीये" म्हटलं असतं तर तिने मला चहासुद्धा पिऊ न देता हॉस्पिटलात नेलं असतं. मी काय केलं? ती काही बोलली की "हो आई". या वयाची बाई मी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईपासून, पार्टीला जाऊन आलेले कान लपवत होते. मी ते ठरवून केलं नाही. ते आपोआप झालं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

शेवटी तिनेच पकडलं. मी ओट्याशी होते, ती माझ्या उजवीकडे येऊन उभी राहिली आणि थोड्या वेळाने तिने माझा दंड धरून मला वळवलं.

"किती दिवस झाले?" ती विचारत होती. ओठ दिसले तेव्हा कळलं.

मी सांगितलं. तिने बोटांवर दिवस मोजले.

"इतके दिवस? अगं, घरात मी आहे ना? मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं पार्टीमुळे झालंय. ते सुटतं, आई. नेहमी सुटतं."

"नेहमी म्हणजे कधी?" ती म्हणाली. मग गॅस बंद करता करता स्वतःच म्हणाली, "मला काय ते माहीत नव्हतं? शाळेतून बहिरी होऊन यायचीस. मी मुद्दाम हळू आवाजात विचारायचे, आज शाळेत कोण कोण मेलं? तू म्हणायचीस, हो आई."

एरवी या गोष्टीवर आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो. पण ती टॅक्सीला फोन लावत होती.

हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. म्हणाला, कान असा अचानक जातो तेव्हा कारण बहुतेक वेळा सापडत नाही. कदाचित व्हायरस, कदाचित रक्तपुरवठा. मोठ्या आवाजाचा यात काही संबंध असेलच असं नाही. म्हणजे त्या दुपारी मी क्लबात नसते, घरी भाजी निवडत बसले असते, तरी कदाचित गेला असता. फरक एवढाच की तेव्हा मी सोमवारीच घाबरले असते. स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू करावं तितकी आशा जास्त. मी विचारलं, पहिल्याच दिवशी आले असते तर? त्याने आईकडे बघितलं आणि म्हणाला, तर मी आज तुम्हाला जास्त खात्रीने काही सांगू शकलो असतो. आई मान खाली घालून पर्सची चेन उघडझाप करत राहिली.

गोळ्यांनी झोप उडाली, भूक वाढली आणि जीभ तिखट झाली. आईवर ओरडले, वर्गावर ओरडले, एका मुलाच्या अपूर्णांकांवर असं तुटून पडले की नंतर त्याची माफी मागावी लागली. मग कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शन दिलं. औषध आत शिरताना खोली गरगर फिरते. फिरू दे. त्यांनी रोज दिलं असतं तरी मी रोज घेतलं असतं. देवाचं मी फारसं करत नाही, पण आईच्या देव्हाऱ्यापुढे उभं राहून मी काय काय कबूल केलंय ते इथे लिहिणार नाही.

एका शनिवारी मैत्रीण आली. मी तिच्या आवडीच्या जुन्या रेकॉर्ड्स काढून ठेवल्या होत्या. उजव्या कानाला हेडफोन लावला, बाहेरच्या आवाजासाठी डाव्यात बोळा घातला. शब्द नव्हते. एवढ्या रागाने, एवढ्या तालात बोललेले ते शब्द, आणि मला नुसती गढूळ घरघर. हाउसचे ठोके निदान जमिनीतून, टेबलातून, छातीच्या पिंजऱ्यातून येतात. बोलणाऱ्याचं तोंड तसं पोचत नाही.

"तुझं आधी गेलं," मी म्हटलं. "माझं अजून थोडं उरलंय."

ती रडायला लागली. "मीच तुला म्हटली होती two days. मी medical आहे, I should have known."

"तू दातांची आहेस. मानेच्या खाली आणि दातांच्या वर तुला काही कळत नाही."

तिला हसू आलं नाही, मलाही नाही. ती माझ्या डाव्या बाजूला बसून राहिली आणि निघताना बराच वेळ काहीतरी बोलली. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि मी तिला "हो" म्हटलं.

गेल्या आठवड्यात कान पुन्हा तपासला. डॉक्टरने आधीच बजावलं होतं. ऐकण्याच्या आलेखात थोडी जरी सुधारणा दिसली तर आणखी एक इंजेक्शन देऊन बघू, नाहीतर इथेच थांबायचं आणि पुढे कानाच्या यंत्राचं बोलायचं. आई बाहेर कॉरिडॉरमध्ये बसली. मला त्यांनी एका जाड दाराच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले, हातात बटण. तपासणारी मुलगी काचेपलीकडे. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची असेल. म्हणाली, आवाज आला की दाबा, आला असं नुसतं वाटलं तरी दाबा.

आधी डावा. अर्धा का होईना, त्याला जे येतं ते आलं, मी दाबत गेले. मग उजवा. डावा मधे येऊ नये म्हणून तिने त्याच्यात नळाच्या पाण्यासारखा आवाज सोडून ठेवला आणि उजव्याला सुरुवात केली असावी, कारण तिचा खांदा हलत होता. उजव्यात काही नव्हतं. मी श्वास धरला. काही नाही. डोळे मिटले. काही नाही. बाहेर आई बसलेली आहे आणि माझा आलेख आडवा पडतोय, एवढंच डोक्यात होतं.

पण डाव्याच्या वेळी माझ्या एक लक्षात आलं होतं. तिच्या सुरांना चाल होती. अंतर ती मुद्दाम बदलत होती, तसं शिकवलेलंच असतं, पण माणूस बदलून बदलून शेवटी स्वतःच्या चालीवर येतो. चार मोजून एक, सहा मोजून एक, पुन्हा चार. इतकी वर्षं मी हेच तर केलं आहे, पुढचा ठोका कुठे पडणार ते तो पडायच्या आधी ओळखायचं. मी मनात मोजलं आणि दाबलं. पहिल्यांदा मला खरंच वाटलं की काहीतरी आलं. दुसऱ्यांदा तसं वाटलं नाही, तरी दाबलं. मग दाबतच गेले. चार, सहा, चार. अंगठा बरोबर जागेवर पडत होता, आणि तो तसा पडला की मला जे सुख होतं ते मला झालं, महिन्याभरात पहिल्यांदा. आलेख वर चढत असणार. इंजेक्शन मिळणार. डॉक्टरांना फसवून मला काय मिळणार होतं, हे विचारू नका. मला अजून एक संधी हवी होती आणि ती कशी मिळवायची याचा एवढा एकच रस्ता मला येत होता.

जाड दार उघडलं. ती आत आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या कानांवरचे हेडफोन तिने स्वतः काढले. तोंड माझ्या समोर धरून, एकेक शब्द सुटा करत ती बोलली. पण एवढ्या मायेने बोलायचं तिला कुणी शिकवलं नसणार.

"उजवी बाजू मी मघाशीच बंद केली," ती म्हणाली. "काही वाजत नाहीये. तरी तुम्ही दाबताय. अगदी वेळेवर दाबताय."

मला तिचं सगळं कळलं. मी मान हलवली. माझा अंगठा अजून चालूच होता.